जीप उचलण्याआधी

गाडी सपाट जागेवर लावा.

शहाबादी फरशी असेल तर उत्तम. नसेल तर अंगणातला चोपलेला भागही चालतो. चारही टायरांत हवा बरोबर आहे ना, एवढं बघून घ्या. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा.

इंजिन बंद करा.

आता काही करू नका.

तापलेलं लोखंड निवू लागलं की बारीक टिकटिक सुरू होते. आधी भराभर, मग थांबत थांबत. ती ऐका.

ती पूर्ण थांबेपर्यंत आपल्याला कुठे जायचं नाही.

*

समोर जीप आहे. जुनी महिंद्रा, सीजे-थ्री-बी घराण्यातली. सपाट मडगार्डं, आणि त्यांच्या मध्ये चांगलंच उंच बॉनेट. 1953 साली विलीजने अमेरिकेत हे मॉडेल काढलं तेव्हा नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेट वर चढलं. तिकडे 1968मध्ये मॉडेल बंद झालं. आपल्याकडे महिंद्रांनी तो साचा पुढे कित्येक वर्षं चालवला.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 80 इंच. जेमतेम दोन मीटर.

एवढ्याशा लांबीत सगळं बसवलेलं आहे.

बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा अजून कोमट आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

मनात एक वाक्य फिरतंय: गाडी उचलायची आहे. त्याच्या मागोमाग दुसरं: कशी उचलायची? शॅकल लांब करून? पाटे बदलून? की पाटे थेट हाऊसिंगच्या वर घेऊन? कुणी काही सुचवलेलं असतं. कुणाची तरी गाडी पाहिलेली असते, टायर कमरेएवढे आणि बॉनेट छातीशी.

ते सगळे आवाज येऊ द्या. उत्तर देऊ नका.

खाली बसा.

*

जुनं पोतं अंथरा आणि आडवे व्हा.

गाडी जॅकवर घेऊ नका. चारही चाकं जमिनीवरच असू द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, घोड्या लावल्याशिवाय, जायचं नाही. ही एक गोष्ट मी हळू आवाजात सांगणार नाही.

आता बघा.

डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आधी नुसता काळपटपणा दिसतो, तेल आणि धूळ मिळून झालेला. मग कडा दिसू लागतात. मग पाटे.

एकाखाली एक. सगळ्यांत वर मेन पाटा, दोन्ही टोकं गोल वळवलेली, त्या गोलात बुश. त्याच्याखाली थोडा आखूड. त्याखाली आणखी आखूड. मधोमध सेंटर बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना यू-बोल्ट.

नजर एका पाट्याच्या टोकाशी न्या. तिथे दोन पाटे एकमेकांवर घासतात. पाटा गंजून तपकिरी झालाय, पण टोकापाशी नखाएवढी एक जागा चकचकीत आहे. आरशासारखी नाही, वापरातल्या लोखंडाची असते तशी. कित्येक वर्षं, प्रत्येक खड्ड्याला, हा पाटा तेवढाच सरकला आहे आणि परत आला आहे.

त्या चकचकीत जागेपाशी थांबा.

एक श्वास. आणखी एक.

*

आता कमान बघा.

या जीपमध्ये हाऊसिंग, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी नळी, पाट्यांच्या वरच्या बाजूला आहे. पाटे तिच्या खालून यू-बोल्टने आवळलेले आहेत. पाट्याचा मध्य खाली, आणि टोकं वर, चासीकडे गेलेली.

निदान तशी असायला हवीत.

तुमच्या गाडीची आहेत का?

घाई नको. डाव्या बाजूला बघा. मग उजव्या बाजूला. कुठेतरी पाटा जवळजवळ सरळ रेषेत आलेला असेल. चालकाच्या बाजूला बहुधा जास्त. एखाद्या गाडीत तर तो उलटाही वाकलेला दिसतो, मध्य वर आणि टोकं खाली.

याला गाडी बसली म्हणतात.

हाऊसिंगच्या बरोबर वर, चासीला रबराचा गट्टू आहे. पाटा पुरा दबला की हाऊसिंग त्याच्यावर आपटतं. गट्टू आणि हाऊसिंग यांच्यामधली फट बघा. बोटं आडवी घालून बघा. किती मावतात?

ती फट म्हणजे गाडीला खालून हादरा बसला तर तो पचवायला उरलेली जागा.

बोटं तिथेच ठेवा थोडा वेळ.

ज्या उंचीसाठी आपण पैसे साठवत होतो, तिच्यातली काही उंची या गाडीला एकेकाळी होतीच. ती हळूहळू ओझ्याने, घाटाने, पावसाळ्याने गेली.

बाहेर या. टेप घ्या. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या किंवा बॉडीच्या कडेपर्यंत मोजा. चार आकडे. कागदावर लिहा. पुढचे दोन एकमेकांशी ताडून बघा, मागचे दोन एकमेकांशी.

आकड्यांवर काही मत देऊ नका. नुसते वाचा.

*

पुन्हा खाली.

या वेळी मागच्या हाऊसिंगकडे बघा. गोल फुगवट्याकडे, ज्यात डिफरन्शियल आहे.

त्या फुगवट्याची सगळ्यांत खालची जागा शोधा. तिच्या आणि जमिनीच्या मध्ये हात घाला. वीत लावून बघा.

साधारण वीतभर.

आता मनातल्या मनात गाडी उचला. कुठल्याही पद्धतीने. शॅकलने उचला, पाट्यांनी उचला, आठ इंच उचला.

बॉडी वर जाते. चासी वर जाते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस वर जातात. तुमची सीट वर जाते.

फुगवटा तिथेच आहे.

वीतभर.

पाहिलंत?

हाऊसिंगची उंची चाकं ठरवतात, पाटे नाही. ते वर न्यायचं तर चाक मोठं हवं. टायरचा व्यास 3 इंचांनी वाढला तर फुगवटा दीड इंच वर जातो, कारण वाढीतली अर्धीच त्याच्या वाट्याला येते. उचलण्याने फक्त त्या मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते.

हे कळायला गणित लागत नाही. हात फुगवट्याखाली असताना ते आपोआप कळतं. हात काढू नका अजून.

*

डोळे मिटा.

तुमची वाट आठवा. ज्या वाटेवर ही गाडी खरोखर जाते ती. व्हिडिओतली नव्हे.

कदाचित ती वेल्ह्याकडे वर चढणारी मुरमाची वाट असेल, मध्ये काळा पाषाण डोकं काढून बसलेला. कदाचित कोकणातली जांभ्याची पाखाडी असेल, एका बाजूला कललेली. किंवा पावसाळ्यातली काळी माती, ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या.

त्या वाटेवर हळू चला. पहिला गिअर, फोर-लो.

खालून काय लागतं?

ऐका.

चाकोरीत गाडी उतरली की मधला उंचवटा फुगवट्याला घासतो. खर्र असा लांब आवाज. तिथे उचलण्याने काही होत नाही.

बांध ओलांडताना पोट टेकतं. तो आवाज वेगळा, एकच, जड. तिथे उचलण्याने फरक पडतो. पण 80 इंचांच्या जीपचं पोट सहसा टेकत नाही. तिच्या आखूडपणाचा हाच तर फायदा.

आणि कधी काहीच लागत नाही. फक्त गाडी एका अंगावर जाते. डावं चाक वर, उजवं खड्ड्यात, आणि पोटात एक क्षण गोळा येतो.

त्या गोळ्याशी थांबा. गाडी जेवढी उंच, तेवढा तो लवकर येतो.

तुमच्या वाटेवर कुठला आवाज येतो? तिन्हींतला कुठला?

उत्तर मनातच राहू द्या.

*

डोळे उघडा. आता एकेक पद्धत बघू. निवडायची नाही. तिच्या शेजारी थोडं बसायचं, एवढंच.

शॅकल.

पाट्याचं एक टोक चासीला पिनने बसवलेलं असतं. दुसरं टोक शॅकलमध्ये लटकतं. पाटा दबला की सरळ होतो आणि लांब होतो. त्या लांबीला जागा द्यायला शॅकल झोपाळ्याच्या कडीसारखं पुढे-मागे हलतं. शॅकलला हात लावा. बुशमध्ये ग्रीस आहे की धूळ, ते बोटाला कळेल.

लांब शॅकल बनवून घेणं स्वस्त. दोन पट्ट्या, चार भोकं. शॅकल 2 इंच लांब केलं की गाडी तिथे 1 इंच वर येते, कारण दुसरं टोक हललेलंच नाही.

आता समोरच्या पाट्यांकडे जा. शॅकल कुठल्या टोकाला आहे, पुढच्या की मागच्या?

बघा. ऐकीव सांगू नका.

पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकल त्या टोकाला चासीपासून खाली ढकलतं. सगळं हाऊसिंग किंचित पुढे कलंडतं. कॅस्टर कमी होतो. वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टीअरिंग आपणहून सरळ येतं ना, ते कॅस्टरमुळे. तो गेला की गाडी हायवेवर भरकटते, आणि हात सतत तिला ओढून धरत राहतात.

तो ओढून धरणारा हात आठवून बघा. खांद्यापर्यंत जाणवतो.

शॅकल सोडा. पुढे.

*

पाटे.

पुन्हा त्या चकचकीत जागेकडे नजर न्या.

एक वाट अशी की एक पाटा वाढवायचा. कमान वाढते, गाडी उठते. आणि कडक होते. रिकामी जीप मग प्रत्येक खडीवर उड्या मारते. चाक जमिनीवर राहण्याऐवजी हवेत राहतं, आणि हवेतलं चाक चढावर काही कामाचं नाही. मालवाहू गाडीला जे शोभतं ते हिला शोभत नाही.

दुसरी वाट अशी की आहेत त्याच पाट्यांना पुन्हा कमान द्यायची. पाटेवाल्याकडे ते होतं. इथे एक गोष्ट विचारायची: गरम करून वाकवल्यावर पाणी देणार का? म्हणजे पुन्हा हार्डनिंग आणि टेम्परिंग होणार का? नुसता तापवून वाकवलेला पाटा दिसायला छान दिसतो आणि काही महिन्यांत परत बसतो. स्प्रिंगच्या पोलादाची ताकद आकारात नसते, त्याच्या उष्णतेच्या संस्कारात असते.

तिसरी वाट नव्या पाट्यांची. मूळ संख्या, मूळ जाडी, कमान मूळ किंवा इंच-दीड इंच जास्त.

मी या तिसऱ्या वाटेकडे झुकतो. लपवत नाही.

कारण यात गाडीला नवं काही शिकवावं लागत नाही. हाऊसिंग जिथे होतं तिथेच राहतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन जवळपास तसाच राहतो. रबराच्या गट्टूखालची फट परत येते. तुम्ही मघाशी बोटं घातलीत ती फट.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता सगळ्यांत मोठं काम. त्याच्याकडेही तितक्याच शांतपणे बघा.

पाटे हाऊसिंगच्या खालून काढून वर घ्यायचे. हाऊसिंगच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड करायच्या. नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी, दोन्ही मिळून गाडी चार-पाच इंच एका झटक्यात वर जाते. आणि पाटे तेच, मऊच. म्हणून याचा मोह होतो. मोह खोटा नाही. खडकात हे काम खरंच चांगलं चालतं.

मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर हात ठेवा.

किती आखूड आहे बघा. 80 इंचांतून इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस वजा केल्यावर जे उरतं ते एवढंच. त्याचं एक टोक पाच इंच वर न्या, मनात. तो किती तिरपा होतो ते हाताने दाखवा.

तिरपा.

आणखी तिरपा.

दोन्ही टोकांना क्रॉस आहेत. तिरप्या शाफ्टमध्ये क्रॉस एका चालीने फिरत नाही, प्रत्येक फेरीत थोडा धावतो आणि थोडा रेंगाळतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा भरून काढतो. नसले तर ती धडधड सीटपर्यंत येते. म्हणून नव्या बैठका वेल्ड करताना पिनियनचा, म्हणजे शाफ्ट फुगवट्यात शिरतो त्या टोकाचा, कोन आधी ठरवायचा. वेल्डिंग झाल्यावर नाही.

आता पाट्याकडे. चढावर क्लच सोडताना हाऊसिंग पिनियनची बाजू वर उचलायला बघतं. पाटा वर घेतला की जमीन आणि पाटा यांतलं अंतर वाढतं, पीळ वाढतो, आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरगळतो. मग सुटतो. पुन्हा मुरगळतो. चाक उड्या मारतं. ते आवरायला हाऊसिंगपासून चासीपर्यंत वेगळा दांडा लावावा लागतो.

समोर या. ड्रॅग लिंक बघा, स्टीअरिंगकडून येणारा दांडा. आत्ता ती जवळजवळ आडवी आहे. पाच इंचांनंतर ती उतरती होईल, आणि मग चाक खड्ड्यात गेलं की स्टीअरिंग हातात आपोआप वळेल.

ब्रेकचा रबरी पाइप बघा. चाक पूर्ण खाली लोंबकळलं तर त्याला किती सैल राहील? बोटाने हलवून बघा.

शॉकअब बघा. त्याची लांबी ठरलेली आहे.

एक गोष्ट हलवली की किती गोष्टी हलतात. बघत राहा. काही ठरवू नका.

*

उरलेल्या दोन पद्धतींपाशी फार वेळ बसायला नको.

बॉडी आणि चासीच्या मध्ये नायलॉनच्या चकत्या घालून नुसती बॉडी उचलतात. टायरला जागा होते. चासी, पोट, सगळं तिथेच. जुन्या जीपच्या बॉडीचे माउंट गंजलेले असतात, तेवढं टोकरून बघा.

हाऊसिंग आणि पाट्यांमध्ये ठोकळे घालून उचलतात, तेही पाहिलं असेल. या जीपमध्ये पाटे खाली असल्याने ते इथे कामाचे नाहीत; तिथे ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येते. कुठल्याही गाडीत पुढच्या हाऊसिंगला ते घालू नयेत. ब्रेक दाबताना पुढच्या पाट्यांवर किती पीळ येतो ते आठवा, आणि पुढे चला.

*

उठा. हळूच, डोकं बंपरला लागतं.

मातीचे हात पुसा. पोतं झटका.

गाडीपासून दहा पावलं लांब जा आणि वळून बघा. बाजूने.

तिचा मागचा भाग थोडा खाली गेलाय का? पुढचा एक कोपरा? मघाशी लिहिलेले चार आकडे आता डोळ्यांना दिसतात.

गाडीचे कागदही या बघण्यातच धरा. मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे, नोंदणीतली माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीहून वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये ते पुन्हा बजावलं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर ही मर्यादा प्रॉपेलर शाफ्टच्या कोनाइतकीच खरी आहे.

आता प्रश्न येऊ द्या. मघाशी बाजूला ठेवलेला.

तुमच्या वाटेवर कुठला आवाज येत होता?

फुगवट्याची खरखर असेल, तर टायरचा विचार करा. एक माप मोठा, दोन नाही. मोठा टायर गिअरिंग लांबवतो आणि ब्रेकवर भार टाकतो. त्याला लागेल तेवढीच जागा करा.

पोटाची जड ठोकर असेल, तर पाट्यांची गेलेली कमान परत आणा आणि मग पुन्हा त्याच वाटेवर जा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पोटातला गोळा असेल, तर उचलूच नका.

काहीच ऐकू आलं नसेल, तर आज नाही. काही दिवस गाडी तशीच चालवा आणि खालून काय येतं ते ऐका.

*

पाटे ठरलेच, तर मिस्त्रींना तीन गोष्टी सांगा.

यू-बोल्ट नवे. एकदा आवळून ताणलेले परत घालू नयेत.

सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय, हे आवळण्याआधी बोटाने चाचपून बघायचं. ते अर्धवट बसलं तर हाऊसिंग तिरकं राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

आणि बुश रबरी असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना घट्ट करायचे. घोड्यांवर असताना नाही, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

नंतर सपाट जागेवर पुन्हा टेप लावा. चारही आकडे जुन्यांच्या खाली लिहा. डावं-उजवं जुळलं नाही तर तिथेच थांबा, कारण विचारा.

जुळलं तर शंभरेक किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवा. नवे पाटे बसतात तसे नट सैल पडतात. मग पाना घेऊन परत खाली जा आणि यू-बोल्टचे चारही नट आवळा, तिरक्या क्रमाने, एकेक पाव फेरा, बाकीच्या तिन्ही चाकांपाशीही.